कानामागचा पुंजका

प्रताप नगर, नागपूर
१८ ऑक्टोबर १९८७

चि. प्रेमलतास, तुळसाबाईचे अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. चंद्रपूरच्या उन्हाचं रडगाणं मले लिहू नको वं. तिथं नर्स व्हायले मी नव्हतं सांगितलं.

तुह्या भावाची खबर अशी. आनंदा श्रामणेर शिबिरातून आला. तुमच्या बापाले जाऊन वर्ष झालं, त्याच्या नावानं डोकं भादरून, चीवर घालून भिक्खूसारखा राहिला. तिथं एक वेळ मुकाट्यानं जेवला अन् इथं येऊन माह्या भाकरीले नावं ठेवून राहिला. डोकं मात्र चांगलं गोल निघालं. तुह्या आजोबाचं चपटं होतं.

सोमवारी सदरले ट्रान्सपोर्टच्या हापिसात गेला तर म्यानेजर म्हणे, अशा डोक्यानं काचेच्या खोलीत बसता येणार नाही, गिऱ्हाइकं बिचकतात. केस येईपर्यंत मागं, रेकॉर्डच्या खोलीत बसा. काचेची खोली म्हणजे कॉम्प्युटरची. श्रावणात त्याच्यासंगं काम करणारा तो मधुसूदन तिरुपतीहून असाच भादरून आला होता. त्याचा लाडू म्यानेजरनं डोळ्याले लावून खाल्ला, अन् मधुसूदन त्याच खोलीत बसला. आनंदानं हे बोलून दाखवलं, तर म्यानेजर म्हणे तो नवस होता, तुमचं राजकारण आहे.

घोर याचा की पुढल्या महिन्यात ट्रान्सपोर्टवाले नवा मोठा कॉम्प्युटर घेऊन राहिले. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे त्या खोलीतल्या मीटिंगीत आनंदानं ठरवायचं होतं, अन् जो ठरवील तोच ती खोली चालवील. मले त्यानं समजावलं. मशीन म्हणजे नुसती मजुरांची टोळी, ही सिस्टिम म्हणजे मुकादम. एकाचं नाव डॉस, त्याच्यापाशी एका वेळी एकच माणूस बसते. दुसरा युनिक्स, त्याले चार पडदे जोडले की चार कारकून संगंच बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, भरतील. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याले चालत नाही, म्हणून चुकलं की चुकलं. धरमपेठेच्या क्लासले दोन वर्षं जाऊन तो हेच शिकला. त्याले युनिक्स पाहिजे. हापिसातले पाचजण पाच गोष्टी सांगतात. मी म्हटलं, बायको पाहायले गेलास तरी एवढा घोळ घालशील का? तर हसला.

लोभ आहेच. तो वाढवा म्हणून मी लिहीत नाही.

तुही आजी,
तुळसाबाई

चंद्रपूर
२६ ऑक्टोबर १९८७

ती. आजीस, प्रेमलताचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र वाचून ड्यूटीवर गेले आणि दोन पेशंटांना उगीच ओरडले. आनंदाला सांग, हा नियम मॅनेजरकडून लेखी माग. तोंडी नियमाला शेपूट नसते, कुठून धरायचं? आणि कॉम्प्युटर निवडायची मीटिंग काही झालं तरी चुकवू नको म्हणावं. तेवढ्यापुरती टोपी घाल. आमच्याकडे नाटक मंडळ्यांचे टोप मिळतात, पण ते राजाचे असतात, खांद्यापर्यंत कुरळे. तो घालून गेला तर मॅनेजरच उठून उभा राहील.

माझे केस टोपीबाहेर दिसले की आमची मेट्रन पिना खोचायला लावते. पण ती सगळ्यांनाच लावते.

तो गप्प तर नाही ना? तू त्याला टोचून बोलू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते तू कधीच लिहीत नाहीस. माझ्यावरची माया भाकरीसारखी रोज ताजी असू दे.

तुझी,
प्रेमलता

प्रताप नगर, नागपूर
२२ नोव्हेंबर १९८७

चि. प्रेमलतास, अ. उ. आ.

गुडघे आहेत तिथंच आहेत.

मीटिंग झाली. आनंदानं लेखी मागितलं तर म्यानेजर म्हणे असल्या गोष्टी लिहून देत नसतात. टोपी घालून गेला तर म्हणे हापिसात टोपी चालत नाही. मग काचेचं दार लागलं अन् हा मागं जुन्या बिल्ट्यांच्या गठ्ठ्यात बसला. विकणारा म्हणे नागपुरात सारे डॉसच घेतात. मधुसूदननं मान डोलावली अन् डॉस आलं. आता एक बसते अन् तिघं त्याच्या मागं उभे राहतात. खोली मधुसूदनची झाली.

आनंदानं हे सारं मले शेजाऱ्याची खबर सांगावी तसं सांगितलं. रागही नाही. मी टोचून बोलली, त्यानं ऐकून घेतलं. त्याचं क्लासचं पुस्तक खिडकीत पडलं आहे, त्यावर मी दुधाचं भांडं ठेवते, तरी काही म्हणत नाही. काल वरणात मी मुद्दाम मीठ टाकलं नाही. त्यानं ते वरण खाल्लं अन् ताट धुऊन ठेवलं.

आता तू मले रागाचं पत्र पाठवू नको. राग इथं कोणी घेत नाही.

तुळसाबाई

प्रताप नगर, नागपूर
१४ डिसेंबर १९८७

चि. प्रेमलतास, अ. उ. आ.

शनिवारी म्यानेजर आनंदाले म्हणे, केस आता नीट दिसतात, सोमवारपासून काचेच्या खोलीत या. काम काय, तर मधुसूदनच्या बाजूले बसून त्याले बिल्ट्या वाचून दाखवायच्या. आनंदा बरं म्हणून घरी आला.

काल सकाळी त्यानं फळीवरून तुह्या आजोबाचा वस्तरा काढला अन् माह्यापुढं पाट टाकून बसला. मी म्हटलं, कोपऱ्यावर रुपराव न्हावी मोकळा बसला आहे, त्याच्याकडं जा. तो म्हणे, तूच कर.

तुले ठाऊक नसन. गावात न्हावी म्हशी भादरत होता, पण आमच्या डोक्याले हात लावत नव्हता. म्हणून तुहे आजोबा साऱ्या वस्तीची डोकी करत, अन् त्यांचं मी करत होती. तेव्हा आम्हाले वस्तरा लावायले कोणी तयार नव्हतं, अन् आता लावला तर यांचं गिऱ्हाईक बिचकते. काहून, हे मी त्याले विचारलं नाही. चामड्यावर वस्तरा घासला अन् केलं. आधी त्याची मान लाकडासारखी होती. अर्धं डोकं झाल्यावर माह्या हातात सैल पडली. मग म्हणे, आजी, तुह्या वरणात मीठ नव्हतं त्या दिवशी. मी म्हटलं, माहीत आहे.

आज सकाळी तसाच सदरले गेला. डबा नेला. क्लासचं पुस्तकही नेलं, दुधाचा डाग पुसून. नोकरी राहते का जाते हे त्यालेही ठाऊक नाही. तो गेल्यावर पाट उचलताना मले आठवलं, डाव्या कानामागं हात फिरवायचा राहिला. माहे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. तिथं एक पुंजका तसाच असन. त्या म्यानेजरले बोट ठेवायचंच असन तर त्या पुंजक्यावर ठेवावं. तेवढी चूक माही आहे, बाकी डोकं बरोबर आहे.

तो अजून आला नाही. भात झाकून ठेवला आहे. मीठ टाकलं आहे.

तुही आजी,
तुळसाबाई