सायकल घरच्या पत्त्यावर मागवली

प्रिय बाबा,

आज दुपारी तुमची सायकल घरी आली, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत मनातल्या मनातसुद्धा तुमच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नव्हती.

तुम्ही असताना जे सांगायला हवं होतं ते आधी सांगतो. सायकल चोरीला गेली नव्हती. मी विकली होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही पंधरा दिवस पिंपळे गुरवला ताईकडे होतात ना, तेव्हा. मोशीच्या या सोसायटीत आपण नवे होतो. माझी गाडीही नवी होती आणि तिच्या शेजारी तुमची काळी सायकल, कॅरिअरला सुतळी गुंडाळलेली. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, 'पार्किंगमधलं भंगार हलवा', आणि खाली कुणीतरी तुमच्या सायकलचा फोटो लावला. मी चाकणला कंपनीत होतो. लाजेनं कान तापले. जेवणाच्या सुट्टीतच तिची ऑनलाइन जाहिरात टाकली.

तीस वर्षं दापोडीहून पिंपरीला तुम्ही तिच्यावरून शिफ्टला गेलात. मला पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलंत. त्या सायकलची मला लाज वाटली, बाबा.

साताऱ्याचे एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले. मी त्यांना मुद्दाम दुपारी दीडला बोलावलं होतं. आपले वॉचमन मारुतीकाका त्या वेळी मागच्या खोलीत जेवायला जायचे. पार्किंगचा कॅमेरा बंदच होता. कुणी पाहू नये आणि तुम्हाला कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही परत आलात ते काळा चष्मा लावूनच आधी पार्किंगमध्ये गेलात. वर येऊन विचारलंत, "संदीप, सायकल कुठंय?"

"चोरीला गेली वाटतं," मी म्हणालो.

मला वाटलं, दोन दिवस हळहळाल आणि सोडून द्याल. तुम्ही सेक्रेटरींकडे चौकशीला जाल, हे कुठं ठाऊक होतं? त्या रविवारी मीटिंग बसली. वॉचमन गेट सोडून गेलाच कसा, इथून सुरू झालं आणि त्यानंच कुणाला तरी दिली असणार, इथवर गेलं. मारुतीकाका दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

तुम्ही उठलात. डोळ्यातून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं होतं की कसलं, कोण जाणे. म्हणालात, "मारुती रोज माझ्याबरोबर चहा पितो. तो कुणाच्या वस्तूला हात लावणार नाही. माझी सायकल गेली तर गेली, त्याची नोकरी घालवू नका."

मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मोबाइलमध्ये बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. लातूरकडून आलेला माणूस, सगळा संसार एका पिशवीत. त्या पिशवीचा एक बंद तुम्ही धरलात आणि स्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर गेलात. परत आल्यावर जेवला नाहीत.

बाबा, तुम्ही मला पुन्हा एकदा का नाही विचारलंत? माझ्याकडे नीट बघून विचारलं असतंत, तर बोललो असतो कदाचित. बघा, अजूनही तुमच्यावरच ढकलतोय.

सात महिन्यांनी तुम्ही गेलात. दवाखान्यातही ताईला म्हणालात, "मारुतीला कुठं काम लागलं का बघ." मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलो.

गेल्या महिन्यात तीच सायकल ऑनलाइन पुन्हा विकायला आलेली दिसली. कॅरिअरला तुम्ही कंपनीत मारून घेतलेलं वेल्डिंग फोटोतही ओळखू आलं. मी फोन केला. साताऱ्याचेच ते गृहस्थ. मुलाकडे राहायला चालले होते. तिथं जागा नाही म्हणाले.

"तुम्हीच विकलेली ना ही? परत कशाला पाहिजे?"

"वडिलांची आहे."

"मग विकलीत कशाला?"

मी किंमत विचारली. भला माणूस. कुरिअरवाले अख्खी सायकल घेईनात, तर त्यांनी स्वतः पॅडल काढली, हँडल फिरवून बांधलं, टायरमधली हवा कमी केली, सगळ्याला पुठ्ठा गुंडाळला. मग फोन करून म्हणाले, "पत्ता सांगा."

आणि मी घरचा पत्ता दिला नाही. गेटवर कुणी ओळखेल, या भीतीनं भोसरीच्या कुरिअर गोदामाचा दिला. तिथून गुपचूप उचलून आणायची, असं ठरवलं. फोन ठेवला आणि स्वतःची किळस आली. मी अजून लपवतच होतो.

ताईनं मारुतीकाकांचा नंबर जपून ठेवला होता. ते आता चाकणजवळ एका गोदामाच्या गेटवर असतात. मी गेलो, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"सायेब, गावाकडं बातमी गेली हुती. माझ्या म्हाताऱ्या आईनं फोनवर इच्यारलं, मारुती, खरंच घेतलीस का रं?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "म्या चोरली न्हाई, ह्ये मला ठावंच हाय की. मला कशाला सांगायलाव? ज्यान्ला ठावं न्हाई, त्यान्ला सांगा."

बाहेर येऊन आधी कुरिअरवाल्याला फोन लावला. "पार्सल घरीच पाठवा. मोशीला."

आज टेम्पो गेटसमोर थांबला, तेव्हा सेक्रेटरी तिथंच होते. पुठ्ठ्यातून कॅरिअर बाहेर आलेलं बघून म्हणाले, "अरे, ही तुमच्या वडिलांची ना? चोर सापडला वाटतं."

"मीच विकली होती," मी म्हणालो. "मारुतीकाकांचा काही संबंध नव्हता."

ते गडबडले. म्हणाले, "जाऊ द्या ना, आता कशाला ते उकरून काढायचं?" तुमची सून ज्योती मागेच उभी होती. तिलाही आजच कळलं. ती वर निघून गेली. अजून बोललेली नाही.

बाबा, येत्या रविवारी मीटिंग आहे. मी उभा राहून सगळं सांगणार आहे, दीड वाजताची वेळ मी का निवडली तेही. ग्रुपवरही माझ्या नावानिशी लिहिणार आहे. मारुतीकाकांना बोलावलंय. "यायचं का न्हाई ते मी बघंन," म्हणाले. ते आले नाहीत तरी सांगेन. मग त्यांच्या गावी जाऊन त्यांच्या आईलाही माझ्या तोंडानं सांगेन.

तोवर तुमच्या फोटोसमोर रोजची मेणबत्ती ज्योतीच लावेल. मी लावणार नाही.

तुमचा,
संदीप