पहिल्या खांबाकडे फेकलेला चेंडू

बाई, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी लाखोरीची डाळ निवडत होते. निरोप ऐकला आणि डाळ पुरती निवडून मगच उठले. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही तेव्हा होतात त्याहून मी आज म्हातारी आहे.

कामठ्याहून मामाकडे गोंदियाला शिकायला आले ती ढेकळं फेकून धानावरची पाखरं हाकलून हाकलून हातात आलेला जोर घेऊन. आपल्या मुलींच्या शाळेत तुम्ही राउंडर्स शिकवायचात. फळीनं चेंडू मारणारी मुलगी एका खांबाकडून दुसऱ्याकडे धावायची आणि ती पोचायच्या आत चेंडू खांबापाशी आला की बाद. माझा चेंडू लवकर यायचा, पण खांबाच्या चार हात पलीकडे. "काऊन एवढा जोर लावून राहिली?" तुम्ही म्हणालात. "पाखरू उडवायचं नाही, चेंडू पोचवायचा आहे." शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेता. वाकून माझा डावा पाय खांबाच्या दिशेनं ठेवता, कोपर खांद्याखाली उतरलं की पट्टीनं वर करता. चेंडू बोटांत धरायचा, तळव्यात दाबायचा नाही. आधी कंबर वळते, मग खांदा, हात सगळ्यांच्या शेवटी. चेंडू सुटल्यावरही हात मध्येच अडवायचा नाही, नजर तर हलवायचीच नाही. मामी कुरकुरायची, "पोरीच्या जातीनं हे कायले शिकून राहिली?" दिवाळीनंतर मात्र खांबावर तुम्ही ओढलेल्या चुन्याच्या पट्ट्यावर माझा चेंडू बसू लागला.

पहिल्या खांबावर वकिलांची मुलगी उभी राहायची. त्या दिवशी सकाळी माझी आई गावाहून पोह्यांचं गाठोडं घेऊन शाळेत आली होती, पाय चिखलानं भरलेले. ती गेल्यावर त्या मुलीनं सगळ्यांसमोर नाकाला पदर लावल्याचं सोंग केलं आणि म्हणाली, "हिची आई बसली होती तिथं पाणी टाका गं." सगळ्या हसल्या. दुपारी खेळात चेंडू माझ्याकडे आला. ती खांबापाशी हात पुढे करून उभी होती, "फेक ना!" म्हणत होती. मी पाय सरळ ठेवला, कोपर वर घेतलं. चेंडू तिच्या तोंडावर बसला. दोन दात पडले, झंपर रक्तानं भिजला. तिला पाणी देऊन तुम्ही माझ्याकडे आलात. "हात घसरला का?" मी म्हटलं, "हो."

मुख्याध्यापिकेला तुम्ही सांगितलंत की चेंडू ओला होता, तो खेळायला काढायची चूक तुमची. खेळ बंद झाला. पुढच्या महिन्यात तुम्हाला शाळा सोडायला सांगितलं आणि तुम्ही भावाकडे बालाघाटला जायला निघालात. निघायच्या आदल्या दिवशी मला जेवायला बोलावलंत. स्वयंपाकघरात अर्धी भांडी पोत्यात भरलेली. तुम्ही मला पाटावर बसवता, ताटात भात आणि वांग्याची भाजी वाढता आणि हातातला डाव तसाच धरून म्हणता, "तुझा हात घसरत नाही. मी शिकवला आहे तो." मी खात राहते. तुम्ही वाट पाहता. मग आणखी भात वाढता, आणि तोही मी संपवते.

बालाघाटहून तुमचं एक कार्ड आलं होतं, अभ्यास कसा चाललाय विचारणारं. मी उत्तर पाठवलं नाही. मला पश्चात्ताप झाला असं आज लिहिता आलं असतं तर बरं होतं, तुमच्यासाठी तरी. पण तसं काही आत सापडत नाही. ती मुलगी खाली बसली, मुली ओरडू लागल्या, तुम्ही धावत निघालात, आणि तेवढ्यात माझ्या मनात एकच गोष्ट आली होती, बाई. बरोबर लागला.