गाडीत काहीतरी खोट काढ

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

धारूर,
ता. २४ ऑक्टोबर १९९६

ती. वीरेशअण्णास,

धाकटी बहीण कांता हिचा शरणार्थ. इकडे सगळे खुशाल. तिकडे लातुरात तू, वहिनी आणि लेकरं सुखात असाल. दसऱ्याला सोनं द्यायला येशील म्हणून उंबऱ्याकडे बघत होते, पण तुझंही दुकान आहे, समजू शकते. रुचिकाला सहामाहीत गणितात चांगले गुण मिळाले. प्रणिता पहिलीत जाते, म्हणजे शाळेपर्यंत जाते आणि रडत परत येते. आत्याबाईंचं बरं आहे. मामंजींचे गुडघे मात्र पार गेले. कपिलधारच्या यात्रेला जायचं तर एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत.

गाडीचं तुला तुझ्या दाजींनी फोनवर सांगितलंच असेल. व्हॅन घ्यायची, जुनी का होईना पण व्हॅनच, असं त्यांनी ठरवून टाकलंय. घरात दुसरा विषय नाही. बसायला सगळं घर, आणि सीट काढली की कापडाचे गठ्ठे. "स्कूटर म्हणजे काय, कांता, उघड्यावरचा संसार," असं म्हणतात.

आतापर्यंत तीन गाड्या बघून झाल्या. प्रत्येक वेळी मी सोबत गेले. माजलगावच्या गाडीला नवा रंग होता, पण पायाखालचं रबर उचललं तर पत्र्याची चाळणी, खालचा रस्ता दिसत होता. बीडची गाडी चालू केली की मागून निळा धूर. मालक म्हणाला, "थंड हाय म्हणून, ताई." मी म्हणाले, तापू द्या, आम्ही थांबतो. तापल्यावरही धूर तसाच. तिसरीचं सरकतं दार मी आतून जरा रेटलं तर चक्क उघडलं, आणि मागच्या सीटखाली घरातला गॅसचा सिलिंडर बसवलेला. तुझे दाजी लई हसले. "बायको हाय का आरटीओ?" म्हणाले. मीही हसले.

आता ते हे काम तुझ्यावर सोपवणार आहेत. तुमच्या बाजारातले राधाकिशन शेठ त्यांची व्हॅन विकायला काढतायत असं कळलंय, ती तू बघून कळवायचीस. अण्णा, माझं एवढं ऐक. तिच्यात काहीतरी खोट काढ. गाडी चांगली असली तरी काढ. दुसरी दाखवतील तिच्यातही काढ. कारण विचारू नकोस.

यांना गाडी येत नाही असं नाही हं. बीडला जाऊन रीतसर शिकले, लायसन आलं. शिकवणारा म्हणाला हात चांगला आहे. तसं काहीच नाही. आमच्या खाली घाट आहे ना, म्हणून आपलं वाटतं.

दुकानातला फोन यांच्या हाताशी असतो आणि एसटीडीच्या बूथवर अर्धं गाव उभं, म्हणून हे लिहिते. उत्तरात यातलं अक्षर काढू नकोस. तुझी पत्रं हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात.

वहिनींना शरणार्थ, लेकरांना पापा.

तुझी
कांता


धारूर,
ता. १८ नोव्हेंबर १९९६

अण्णा,

तुझं पत्र काल आलं. यांनी जेवताना वाचलं. एका हाताची गाडी, पत्रा सगळीकडून ठणठणीत, इंजिनाचा आवाज कानाला गोड, घाट चढायला दमणार नाही, डोळे झाकून घ्या. मामंजी म्हणाले, "आपला वीरेश म्हणतो म्हंजी बघायचंच न्हाई." आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी तुला खोट काढ म्हटलं होतं.

चूक माझी आहे. कारण न सांगता असं मागितलं तर कोण ऐकणार? तुला वाटलं असेल कांता घाबरट आहे. तर आता सांगते. गाडीतली खोट मला नको होती, निमित्त हवं होतं.

तुझे दाजी मध्येच थांबतात.

कसं सांगू. डोळे उघडे असतात, पण त्यात ते नसतात. ओठ हलतात, काहीतरी चघळल्यासारखे. उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चोळत राहतात. पाण्याचा घोट घ्यावा एवढा वेळ, कधी जास्त. मग परत येतात आणि मघाचं वाक्य पुढं चालू करतात, किंवा "काय म्हणालीस?" विचारतात. पहिल्यांदा दुकानात बघितलं. छबुबाई झंपराचं कापड घेत होती. यांच्या हातात कात्री, आणि हे कापडाकडे नुसते बघत उभे. "मालक, झोप लागली का उभ्याउभ्या?" असं ती म्हणाली आणि सगळे हसले. मी यांच्या बोटांकडे बघत होते.

तेव्हा म्हटलं दमले असतील. पण पंचमीनंतर आम्ही केजहून स्कूटरवर येत होतो. प्रणिता पुढं उभी, मी मागं. रस्ता सरळ, रिकामा. स्कूटर हळूच रस्ता सोडून तुरीच्या रानात शिरली. ना ब्रेक, ना हिसका. जशी काही तिलाच तिकडं जायचं होतं. मी हाका मारत होते. पाऊस झालेला म्हणून माती मऊ, नुसतं खरचटलं. उठून कपडे झटकत हे म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं नव्हतं, अण्णा. मी रस्त्याकडंच बघत होते. पण घरी यांनी तेच सांगितलं आणि मी मान हलवली.

कोणाला बोलू? फेफरं म्हटलं की लोक पाण्याचा तांब्या लांब सरकवतात. उद्या रुचिकाला बघायला येणारे आधी तेच विचारतील. मामंजींचा हा एकुलता एक मुलगा. आणि यांना स्वतःला ठाऊक आहे की नाही तेच मला कळत नाही. विचारायचं म्हणून कितीदा जवळ जाऊन बसले, पण हो म्हणाले तर पुढं काय, ही भीती वाटते, आणि नाही म्हणाले तर त्याहून जास्त.

त्या गाडीला पुढं नाक नसतं. काच, पत्रा, आणि पत्र्याला लागून माणसाचे गुडघे. मला रोज तेच दिसतं. सगळं घर आत बसलंय, दार सरकवून बंद केलंय, घाटाचं वळण आलंय आणि यांची बोटं बटणावर.

राधाकिशन शेठांना सांग, देऊ नका. गाडी विकली गेली म्हण, काहीही म्हण. हे पत्र मिळताच कर.

कांता


धारूर,
ता. ३० नोव्हेंबर १९९६

वीरेशअण्णास,

सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहिते, कारण फोनवर मला बोलता आलं नाही.

माझं पत्र तुझ्या हातात पडायच्या आधीच गाडी दारात आली. राधाकिशन शेठांचा ड्रायव्हर बंकट घेऊन आला. पांढरी, धुतलेली, आतल्या सीटवर अजून मूळचं प्लास्टिक. मी खाली वाकून पत्रा बघितला, दार रेटलं, इंजिन तापेपर्यंत उभी राहिले. काहीच सापडलं नाही. बंकट मला म्हणाला, "ताई, ही गाडी तुमाला फसवणार न्हाई."

हे म्हणाले, घाट उतरून तेलगावपर्यंत जाऊन येऊ, सगळेच चला. मी म्हणाले, प्रणिताच्या अंगात कणकण आहे. प्रणिता उड्या मारतच गाडीत जाऊन बसली. मग मी यांच्या अगदी मागची जागा धरली. बंकट पुढं यांच्या शेजारी. आत्याबाई माझ्या बाजूला, मामंजी आणि रुचिका मागं.

यांनी गाडी छान चालवली. मामंजी दर वळणाला "वा रे पठ्ठ्या" म्हणत होते. मी आरशात यांचं तोंड बघत होते. घाट सुरू झाला, दोन वळणं गेली. मग ओठ हलायला लागले.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, रुचिका म्हणते मी "बाबा गेले, बाबा गेले" म्हणत होते. समोरून उसाचा ट्रक चढत होता आणि आमची गाडी सरळच चालली होती, वळण सोडून, दरीकडं. बंकटनं एका हातानं स्टेअरिंग ओढलं आणि दुसऱ्यानं हँडब्रेक. गाडी डोंगराच्या अंगाला घासत गेली आणि थांबली. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला. रुचिकाचं मनगट मुरगळलं. आत्याबाईंचं कपाळ फुटलं.

आणि मग मी जे बघितलं त्यासाठी हे पत्र.

आत्याबाईंच्या भुवईवरून रक्त येत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. पुढं वाकून लेकाच्या गळ्याचं बटण काढलं, मान एका अंगाला वळवली, आणि कानाची पाळी हळूहळू चोळत म्हणाल्या, "सिद्धू, आलास का रं? ये बाळा, ये." हात जराही कापत नव्हता. पोळी उलटावी तसं, रोजचं काम करत असल्यासारखं. मी मामंजींकडे वळले. ते खिडकीबाहेर बघत होते.

हे शुद्धीवर आले. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

"बाबा, कुत्रं नव्हतं," प्रणिता म्हणाली.

बंकटनं यांना हाताला धरून उतरवलं, गाडी वळवली आणि आम्हाला घरी आणलं.

त्या संध्याकाळी हे वर माळवदावर एकटे बसले होते. मी जाऊन बसले. म्हणाले, "तुला कवापासून ठाऊक हाय?"

"स्कूटरच्या आधीपासून."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी कावून न्हाई बोललात?"

तेव्हा ते रडले, अण्णा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मधले काही क्षण कुठं जातात ते मला कळत न्हाई. लहानपणी व्हायचं, मग थांबलं हुतं. आता परत आलं. स्कूटरवरनं पडलो तवा पोरगी माझ्या पुढं उभी हुती. मला वाटलं, चार चाकं असली तर पडणार तरी न्हाई. सगळीकडनं पत्रा असंल. तुमी आत ऱ्हाल." म्हणून त्यांना गाडी हवी होती. आमच्यासाठीच. मी त्यांचा हात धरून बसले, आणि मला त्यांचा रागही आला, भयंकर राग. दोन्ही खरं आहे.

परवा आंबेजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकवायची नाही. डॉक्टर म्हणाले, यातून पुष्कळ माणसं चांगली राहतात, पण गाडी, विहीर, उंच जागा, काही काळ सगळं बंद. लेकरांना होईलच असं नाही, असंही म्हणाले. त्या वाक्यातला "च" माझ्या कानातून जात नाही. रुचिका पुस्तक वाचताना जरा गप्प झाली की मी हाक मारते. ती चिडते. मला बरं वाटतं.

आता जे विचारायचं ते विचारते.

काल आत्याबाईंच्या जखमेची पट्टी बदलत होते. मी म्हणाले, लग्नाच्या आधी आम्हाला सांगायला हवं होतं. त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, "सांगितलं हुतं, कांता. साखरपुड्याच्या आधी तुज्या बापाला बोलवून सांगितलं. आमी फसवलं न्हाई. वीरेश बी बसला हुता तितंच."

आप्पा आता नाहीत. विचारायला तूच उरलास. तुला ठाऊक होतं का, अण्णा?

मी मनाला समजावते, तुला माहीत असतं तर तू डोळे झाकून घ्या असं कळवलंच नसतंस. की तुलाही वाटलं, थांबलंय, आता कशाला उकरायचं? पण माझं पत्र मिळाल्यावर तू फोन केलास ना, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. मी नुसती रडत होते. तू म्हणालास, "कांता, दाजींना सांभाळ, गाडी चालवू देऊ नको." पत्रात फेफरं वाचून "दाजींना? खरंच?" असं एकदाही तू विचारलं नाहीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता दुसरं काही लक्षात येत नाही.

गाडी दुकानामागं उभी आहे. डाव्या अंगाचा पत्रा आत गेलाय, बाकी काही झालं नाही. हे तिच्याकडं बघत नाहीत. मामंजी म्हणतात परत पाठवा. मी नाही म्हणाले. दर महिन्याला आंबेजोगाईला जायचंय, आणि एसटीच्या गर्दीत यांना तसं झालं तर लोक काय करतील कोण जाणे. गाडी मी शिकणार आहे. काल नुसती चालवायच्या जागेवर बसून बघितली. उतरताना दाराला धरावं लागलं.

पत्रानं उत्तर देऊ नकोस, फोनही नको. तू ये. उत्तर नाही असेल तर ये आणि हो असेल तरी ये. हो असेल तर माझ्याकडे बघून सांग, मग माझ्या शेजारी बस आणि मला गाडी शिकव. घाट उतरताना शेजारी कोण बसलंय, हे मला आता माहीत असायला हवं.

वहिनींना शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद. तुला या खेपेस काय लिहावं ते सुचत नाही.

वाट बघते.

शिवकांता