डब्यातली घासणी

३ फेब्रुवारी

बसला एकदाचा डबा! दाजी चालवतात तो ट्रक दुपारीच बाहेर काढला. हात काळे, पाठ मोडलीये, पण मन कसं हलकं हलकं.

दुखणं जुनंच होतं. इंजिन चालताना थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली निसटतो, खालच्या ऑइलमध्ये तेलकट होतो आणि पाइपातून पुन्हा वर हवेच्या वाटेला लागतो. साध्या गाडीत खपून जातं. या ट्रकला मालकाने चढासाठी सुपरचार्जर बसवून घेतलाय — दोन पिळाच्या दांड्या गरगर फिरून इंजिनात हवा कोंबतात — आणि तो हवेबरोबर तेलही ओढून घेतो. मग निळा धूर, आणि चढावर गाडीला धाप! पाइप बुजवून टाकावा म्हटलं तर आत कोंडलेला दाब सील फोडून बाहेर येणार. म्हणून वाटेत डबा. तेलकट हवा डब्यात शिरते, आतल्या जाळीला तेल चिकटतं, तळाशी साठतं. पुढे जाते ती कोरडी हवा. तळाचा नळ उघडून तेल रोज काढून टाकायचं, की झालं.

जाळी मात्र दुकानात नव्हती. दुकानदार म्हणे, "पुढच्या आठवड्यात." त्याचे पुढचे आठवडे मला चांगले ठाऊक आहेत. मालक डोक्यावर बसलेला. वर घरात गेले, ओट्यावरच्या दोन नव्याकोऱ्या तारेच्या घासण्या उचलल्या आणि डब्यात ठासल्या. तारच की तीही!

आप्पांनी बाहेरून विचारलं, "जाळी आली का गं?"

"हो," म्हटलं. वडिलांशी खोटं बोलायचं काही ठरवलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

७ फेब्रुवारी

धूर गायब! दाजी मुद्दाम गॅरेजवर सांगायला आले. "चढावर एकदाही दम लागला नाही गाडीला… बहुतेक."

या माणसाचं सगळं 'बहुतेक'. जेवलात का विचारलं तर बहुतेक जेवलोय. ताईला होकार देतानाही बहुतेकच म्हणाले होते. ती अजून ऐकवते त्यांना.

मालकही खूश. "मेकॅनिकबाई, बाकीच्या दोन गाड्यांनाही बसवा डबे." समोरचा टायरवाला — बाईच्या हातात पाना बघून इतकी वर्षं दात काढणारा — आज स्वतः चहा घेऊन आला. साखर जास्त होती. मिटक्या मारत प्यायले.

११ फेब्रुवारी

आप्पा म्हणतात, पाटीवर माझं नाव घालू या. मी म्हटलं कशाला उगीच. मग दिवसभर ते नाव कुठल्या रंगात चांगलं दिसेल याचाच विचार करत होते!

१५ फेब्रुवारी

दाजींचा ट्रक दुसऱ्या ट्रकने ओढून आणला. चढावर बंद पडला. बंद पडायच्या आधी सुपरचार्जरमधून दगड भरडल्यासारखा आवाज येत होता म्हणे.

मालक लालबुंद. मला विचारलं, "कशाने होतं असं?"

मी म्हटलं, "डबा काठोकाठ भरला, तर सगळं तेल एकदम वर ओढलं जातं."

हे खोटं नाही. असं होतं. पण मी ते म्हणाले आणि सगळ्या माना दाजींकडे वळल्या.

"डबा रिकामा केला होतास का रे?"

दाजी घाम पुसत होते. "केला होता की… बहुतेक."

"बहुतेक? माझा ट्रक काय बहुतेकवर चालतो?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाना शोधायला खाली वाकले. पाना माझ्या हातातच होता.

१६ फेब्रुवारी

आप्पा जेवायला गेले तेव्हा डबा उघडला. तळाशी बोटभर तेल. बोटभरच! म्हणजे दाजींनी तो रिकामा केला होता, त्यांच्या रोजच्या नेमाप्रमाणे.

आणि घासण्या — निम्म्या गायब. गाडीच्या हादऱ्याने त्यांची तार तुटत गेली, बारीक बारीक तुकडे हवेबरोबर वर गेले. सुपरचार्जर उघडला तर दोन्ही दांड्यांवर चरे, कडेला तारेचा गुंता. भांडी घासताना रोज बोटात घुसणारी तार ती! ती तुटते हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं.

तारा वेचून फडक्यात गुंडाळल्या. डबा रॉकेलने स्वच्छ धुतला. खरी जाळी परवाच आली होती, ती आत बसवली. हे सगळं करताना हात जरासुद्धा थरथरले नाहीत, याचीच आता शिसारी येतेय.

आप्पा जेवून आले. दांड्यांवरून अंगठा फिरवला. मग हात पुसून दुसऱ्या गाडीकडे वळले.

फडकं फेकवलं नाही. पान्यांच्या खणात, मागे सारलंय.

१८ फेब्रुवारी

मालकाने दाजींना ट्रकवरून काढलं. गोदामात हमालीला लावलंय. "डबा विसरणारा उद्या ब्रेक विसरेल," म्हणाला.

१९ फेब्रुवारी

आज भांडी घासली नाहीत. तशीच भिजत पडलीत.

२३ फेब्रुवारी

ताईकडे गेले होते. जायचं नव्हतं, पण तिने दोनदा बोलावलं. दाजी पाठीला शेक घेत पालथे पडलेले. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस, पोती उचलायची सवय कुठे आहे त्यांना? मला बघून उठायला लागले, उठवेना. "बस बस," म्हणाले, जणू मीच दमून आले होते.

ताईने त्यांच्यादेखत तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, एक नळ फिरवायचा होता! तेवढंही होऊ नये? हिने एवढा जीव ओतून डबा केला, त्याची माती केलीत." मग माझा हात धरून म्हणाली, "तू नको गं वाईट वाटून घेऊस."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण आधी दाजीच बोलले.

"विसरलोच असेन मी. रोज करतो म्हणून त्या दिवशीही केला असं वाटलं असेल. बहुतेक."

तेही आता तसंच धरून चाललेत. मी त्यांच्याकडून नुसता ट्रक नाही काढून घेतला. स्वतःच्या हाताने केलेलं काम त्यांना आठवतंय, आणि त्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरलेला नाही.

चहा अर्धा टाकून पळून आले. नीच आहे मी. इथे तरी लिहावं.

२६ फेब्रुवारी

मालकाच्या बाकीच्या दोन्ही गाड्यांना डबे बसवले. खऱ्या जाळीचे. उत्तम झालं काम. कुणी कौतुक केलं की कानशिलं तापतात, आणि लोकांना वाटतं लाजतेय!

२७ फेब्रुवारी

पाटी आली. निळ्यावर पांढरं नाव. टायरवाल्याने ठोकायला मदत केली. मी वर पाहिलंच नाही.

२ मार्च

आप्पांना सांगितलं. फडकं उघडून समोर ठेवलं.

त्यांनी तारांकडे पाहिलंही नाही. "तेलाने कधी चरे पडतात का गं? मला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू बोलशील. मग पाटी रंगवायला दिली. मग…" चष्मा पुसत बसले. "आता मालकाला सांगितलंस तर तिन्ही गाड्या जातील. लोक काय म्हणतील ते वेगळंच. आपले जावई समजूतदार आहेत, पोरी. निभावून नेतील."

माझे आप्पा! एक स्क्रू कमी बसला तरी गाडी परत बोलावणारे. रागाने अंग पेटलं, आणि मग उमगलं की हे त्यांना मी करायला लावलं. तोंड लपवायला आता घरातही जागा नाही.

४ मार्च

सांगितलं. गोदामात, मालकासमोर, सगळ्या हमालांसमोर, फडकं उघडून. "भांड्याची घासणी?" कुणीतरी मोठ्याने हसलं. मालक म्हणाला, गाड्या उद्यापासून दुसरीकडे. दाजींना म्हणाला, सकाळी ट्रकची चावी घेऊन जा.

दाजी पोत्यावर बसले. माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता शिव्या घालतील. घाला म्हटलं मनात!

"म्हणजे मी डबा रिकामा केला होता," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "केला होता मी."

बहुतेक म्हणाले नाहीत.