थोरलीचं टार्गेट

१ जानेवारी. सकाळी (साडेदहा).
यंदा स्वतःसाठी संकल्प नाही. माझ्यात सुधारायला फारसं उरलेलं नाही, हे गेल्या वर्षीच लक्षात आलं. तेव्हा यंदा मुलं. फर्निचरच्या शोरूममध्ये सोफ्याचं डिपार्टमेंट मी टार्गेटवरच उभं केलं, इथे तर फक्त दोन मुलं आहेत. थोरली बारा वर्षांची : वजन कमी करणे. धाकटा आठ : ऊठसूट रडणे बंद. बायको म्हणाली, आधी त्यांना विचारा तरी त्यांना काय हवंय. विचारलं की घोळ होतो. सेल्समनला कधी विचारतो का आपण?
थोरलीला प्रेमाने समजावलं की आत्ता आवर घातला नाहीस तर पुढे आपल्याला सोफा ऑर्डर देऊन बनवून घ्यावा लागेल. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. विचार करत असावी.

३ जानेवारी. सकाळी सहा.
रनिंग सुरू! थोरली खाली आवारात, मी वर बाल्कनीत, चहा आणि शिट्टी घेऊन. एवढ्या घामातही तिने स्वेटर काढला नाही. विचारलं तर म्हणाली, लोक बघतात. म्हटलं, बघू देत, त्यानेच मोटिव्हेशन येतं. आणखी जोरात शिट्टी वाजवली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

८ जानेवारी.
वजनकाटा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. पारदर्शक कारभार. रोज जेवणाआधी थोरली चढते, मी आकडा मोठ्याने वाचतो. आज पाहुणे होते, त्यांनाही ऐकवला. ते ओशाळून हसले. थोरली हसली नाही. विनोदबुद्धी आईवर गेली आहे.
धाकट्याचं रडणं बंद! हल्ली तो बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसतो. स्वच्छतेची आवड, न सांगता.
ऑफिसात केक होता, तीन तुकडे खाल्ले. घरी आणला असता तर थोरलीला मोह झाला असता. बापाला त्याग करावा लागतो.

१४ जानेवारी.
शाळेच्या समुपदेशक बाई पालकसभेत ‘मुलांची नव्या वर्षाची निरोगी ध्येयं’ यावर बोलणार आहेत. बाईंना मूल नाही. मी फोन करून अनुभवी पालक म्हणून बोलायची तयारी दाखवली. शेवटी पाच मिनिटं बोला म्हणाल्या. पाऊण तासाचं प्रेझेंटेशन तयार आहे.

२० जानेवारी.
थोरली खेळाच्या तासाला चक्कर येऊन पडली. बायकोला शाळेत बोलावलं. तिथे कळलं की पोरगी आठवडाभर डबा मैत्रिणीला देत होती. निर्धार बघा! शिवाय दानशूरपणा. हे मी बायकोला बोलून दाखवलं. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.
डॉक्टर म्हणाले, काटा आजच्या आज घराबाहेर काढा, मुलीच्या खाण्याबद्दल एक अक्षर बोलू नका. डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकत होतं. अशा माणसाचं काय ऐकायचं? काटा बायकोने उचलून नेला. कुठे, सांगत नाही.

२५ जानेवारी. शनिवार.
पालकसभा. हॉल गच्च. गाणं म्हणायला वरचे वर्गही बसवले होते, हे मला ठाऊक नव्हतं, पण श्रोते जितके जास्त तितकं बरं. पहिल्याच स्लाइडवर थोरलीचा काट्यावर उभी असतानाचा फोटो टाकला. मुलं खो-खो हसली. सभा हातात आली असं वाटलं. मी आकडा सांगितला. अजून हशा. मग पालकांतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले. समुपदेशक बाईंनी माझ्या हातातून माइक घेतला, म्हणाल्या, झाली पाच मिनिटं. झाली नव्हती.
थोरली गाणाऱ्या मुलांत पहिल्याच रांगेत होती. रडली नाही. गाणं सुरू झालं तेव्हा तिचं तोंड हलत नव्हतं, एवढंच.
परत येताना गाडीत मी विचारलं, कसं झालं? बायको म्हणाली, सिग्नल हिरवा झालाय.

२७ जानेवारी.
बायको मुलांना घेऊन बहिणीकडे गेली. बदल म्हणून. चांगलंच आहे.

२ फेब्रुवारी. रविवार, दुपार.
आणायला गेलो. जिन्यातच हसणं ऐकू आलं. बेल वाजवली, बंद झालं. मावशीने दार उघडलं, बसा म्हणाली नाही. सगळे जेवायला बसले होते. मी खुर्ची ओढली. थोरलीने ताट पुढे सरकवलं, हात मांडीवर ठेवले. म्हटलं, खा बेटा, मी काही म्हणत नाही. ती ताटाकडेच बघत राहिली. पुन्हा म्हटलं, खा ना. धाकटा तिच्याजवळ सरकला.
बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, तिचं होईपर्यंत तुम्ही बाहेर बसता का?
बाहेर जिन्यात बसलो. वरचे एक आजोबा उतरत होते, त्यांना वाट द्यायला उठलो, परत बसलो. थोड्या वेळाने आत चमच्यांचा आवाज सुरू झाला. मग हसणं. मग थोरली म्हणाली, मावशी, अजून वाढ ना.
दारावर हात ठेवला होता. वाजवलं नाही. घरी आलो.