सुदामच्या वाटची गोळी

३ फेब्रुवारी
आज कामावर रुजू झाले! ऑफिस उल्हासनगरला, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर. टेबलावर हात ठेवला की खालच्या मशिनी जाणवतात. परदेशात शांतिसेनेत जाऊन आलेल्या, सुटीवर घरी असलेल्या जवानांना महिनाभर रोज मलेरियाची गोळी द्यायची, हे माझं काम. तिकडचा ताप अंगात लपून येतो. गोळी मध्येच सोडली की उठतो. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी गावभर सांगितलंय, तेजस्वी मिलिटरीत लागली. मी दुरुस्ती केली नाही. अंबरनाथ पश्चिमेला भाड्याची खोलीही मिळाली.

दौलतराव माझे साहेब, सैन्यातले निवृत्त नर्सिंग हवालदार. त्यांनी शिकवलं: गोळी आपल्या हाताने द्यायची, जवानाला तोंड उघडून जीभ वर करायला लावायची, मग त्याने मोठ्याने "घेतली" म्हणायचं. तोवर आपण जागचं हलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या वाटची गोळी कुणाच्या हातात कधीच द्यायची नाही. म्हणाले, उद्या नवरा केलास तरी त्याचीही जीभ उचलून बघशील, इतकी सवय लागू दे.

५ फेब्रुवारी
बदलापूरला, कात्रपमध्ये, माझ्या यादीतल्या अभिजीतकडे गेले. त्याची आई, इंदुबाई, माझं मनगट धरून म्हणाली, काय गं पोरी, कंपनी खायला घालत नाही का? पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

अभिजीतने जीभ उचलली, तर गोळी तिथेच. खाली मान घालून म्हणाला, ही सुदामसाठी. माझा दोस्त, एकाच कॅम्पमधला. आतल्या खोलीत तापाने पडलाय. मी म्हटलं, त्यांचं नाव माझ्या यादीत नाही. तो म्हणाला, मग माझी त्याला.

आजारी जवान आणि मी नियम सांगत बसू? दुसरी गोळी वाटीत ठेवली. अभिजीतने लगेच आपली गिळली, वाटी आत नेली. आतून आवाज आला, "घेतली."

९ फेब्रुवारी
रोज दोन देते. दौलतरावांना सांगितलेलं नाही.

आज इंदुबाईंना विचारलं, सुदामना बरं आहे का? त्या म्हणाल्या, कोण सुदाम? आत तर मी पापड वाळत घातलेत.

बघितलं. चादरभर पापड. पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध रिकामी वाटी.

भीती वाटायला हवी होती. मी पोहे संपवले.

११ फेब्रुवारी
दौलतरावांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. पंखा बंद केला, मग अभिजीतच्या युनिटच्या चौकशीत निघालेलं सांगितलं. गोळीने सुदामला मळमळायचं. कॅम्पमध्ये गोळीसाठी सगळ्यांना उभं करत, तेव्हा तो मागे लपायचा आणि अभिजीत त्याच्या आवाजात "घेतली" ओरडायचा. दोस्तीखातर. सुदाम तिकडेच तापाने गेला.

उद्यापासून एकच गोळी, म्हणाले.

१२ फेब्रुवारी
एकच दिली. अभिजीत दुसरीसाठी हात जोडत होता. तोंडात टाकली, वळून आत पळाला. बाहेर आला तेव्हा जीभ स्वच्छ. "घेतली" म्हणाला.

मी मान्य केलं. खरं तर तेव्हा त्याचे ओठ हलले नव्हते. तेही मी पाहिलं होतं.

१६ फेब्रुवारी
अभिजीतला ताप. दवाखान्यात आहे. चारही दिवस त्याने गोळी आत सुदामला दिली, स्वतः घेतलीच नव्हती. इंदुबाई माझ्याशी बोलत नाहीत.

तो बरा होईल, डॉक्टर म्हणाले. इथे सगळं सुईतून देतात, हातात गोळी कुणी ठेवत नाही, म्हणून सुदाम येत नाही — असं अभिजीत म्हणाला. सुदामने त्याला विचारलं होतं, गोळ्या आणतं कोण.

आणि त्याने सांगितलं.

१७ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. गोळ्यांची पिशवी दौलतरावांकडे परत केली. आईचा फोन आला. मी म्हटलं, बरं चाललंय.

भर दुपार. खाली भंगारवाला ओरडतोय. खोलीत कुणीतरी खोकलं—

तीच दुपार
समोर बसलाय. तोंड उघडं, जीभ वर. रिकामं.

गोळी नाही, सांगितलं. तोंड मिटत नाही.

मी उठायला हवं. पण पाय — घेतल्याशिवाय हलायचं नाही —

डाव्या हाताची बोटं पुढे केली, रिकामी, दाखवायला. त्याने ती जिभेवर घेतली. गार लागतंय. दुखत नाही. उजव्याने लिहितेय.

आता तो तोंड मि—