बाल्कनीतलं आलं

२ जून, सकाळी ७
आजपासून बाल्कनी माझी. तीन कुंड्यांत आल्याचे तीन तुकडे लावले. बायकोची अट एकच: एक नोव्हेंबरला मूठभर तरी आलं निघालं पाहिजे, नाहीतर बाल्कनीत तिचं शिलाई मशीन जाणार. नऊ वर्षं ती शेगडीशेजारी बसून शिवते, उजेड नाही म्हणते. मूठभर? टोपलीभर काढून दाखवतो! पुढच्या वर्षी हळद, मग वेलदोडे. सगळं एकच खानदान.

९ जून
उकरून पाहिलं. प्रगती शून्य. परत पुरलं.

१६ जून
उकरून पाहिलं. एक कोंब होता, हाताला लागून मोडला. कोंबच कच्चा. ही म्हणाली, अहो, त्याला जरा गप पडू द्या की. हिला काय कळतंय! बावीस वर्षं कारखान्यात तपासनीस आहे मी. तपासल्याशिवाय माल सुधारत नाही.

४ ऑगस्ट
पानं आली! चांगली चार. सासूबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, मशीन कधी हलवताय? रेंज गेली.

५ ऑगस्ट
वर चार पानं, तर खाली केवढं असेल! राहवलं नाही. उकरलं.

७ ऑगस्ट
पानांनी माना टाकल्या. हवामानच नाठाळ.

३० ऑक्टोबर
तिन्ही कुंड्या मिळून एक सुरकुतलेला तुकडा. घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

३१ ऑक्टोबर, ही बाहेर गेल्यावर
बाजारातून मातीसकट ताजं आलं आणून कुंडीत पुरलं. ही फसवणूक नव्हे, फेरलागवड. भाजीवाली काहीतरी सांगायला लागली होती. मला आलं शिकवते! गप्प केलं तिला.

१ नोव्हेंबर
हिच्यासमोर कुंडी उपडी केली. भरघोस! ही बघतच राहिली. लगेच चहासाठी ठेचायला घेतलं. घरभर कैरीचा वास. आंबेहळद निघाली मेली! मी म्हणालो, एकाच खानदानातली आहेत, होतं असं कधीकधी. ही हसून हसून जमिनीवर बसली.

२ नोव्हेंबर
मशीन मीच उचलून बाल्कनीत ठेवलं. हिने दोरा पहिल्या झटक्यात ओवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली. लाज वाटली मला, खरंच वाटली. मग माझा शर्ट उजेडात धरून ती किंचाळलीच. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. अंधारात कापली गेली असणार, म्हणाली. चार वर्षं तोच शर्ट घालून मी कारखान्यात माल तपासतोय.